चुलीचा वैल आणि आगबोटीचे धुराडे

आगबोट हा शब्द आता नव्या पिढीच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. त्याच्या जागी जहाज किंवा शिप असे गुळगुळीत शब्द आले. परंतु ज्या कोणी हा शब्द प्रथम उच्चारला असेल, त्याला त्या वाहनाचे मर्म बरोबर उमगले होते, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. शिडाच्या गलबतापासून हे वाहन वेगळे झाले ते आगीमुळे. पाण्यावर तरंगणाऱ्या पात्राच्या पोटात माणसाने आग ठेवली, ती रात्रंदिवस पेटती राखली आणि तिच्या बळावर वाऱ्याची मनधरणी न करता तो चालू लागला. पुढील दीडशे वर्षांत या विद्येने जी प्रगती केली ती एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. या आगीतील ऊब किती कामी लागली आणि किती धुराड्यावाटे आकाशात गेली?

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आदिलाबादच्या वाचकांपुढे हा विषय मांडताना थोडा संकोच वाटतो. आपल्या मंडळींचे पूर्वज पैनगंगा ओलांडून इकडे आले, ते शेती, व्यापार आणि निजामाच्या अमलातील लहानमोठ्या नोकऱ्यांच्या आशेने. खारे पाणी त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. बासरच्या घाटावर दिसणारे गोदावरीचे पावसाळी पात्र हीच आमच्या लहानपणीची विशालतेची कल्पना होती. तरीही दैवयोगाने आमच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे जहाजांच्या बॉयलरघरात गेली. तेथे मोठमोठ्या ग्रंथांतून आणि त्याहून मोठ्या उष्म्यातून जे शिकलो, त्यातील निम्मे तरी आमच्या घरच्या स्वयंपाकघरात व न्हाणीघरात आधीपासून मांडलेले होते, हे फार उशिरा ध्यानात आले.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब वाचकांना आठवत असेल. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीत पऱ्हाट्या, तुराट्या किंवा गोवरीचे तुकडे, आणि भोवताली पाणी. जहाजावरच्या जुन्या बॉयलरचे तत्त्व याहून निराळे नाही. आग नळीत, पाणी बाहेर. आमची आजी त्या नळीच्या तोंडावर पत्र्याचा एक तुकडा अर्धवट सरकवून ठेवीत असे. नळी पूर्ण उघडी ठेवली की जाळ भडकतो, सर्पण भराभर संपते आणि पाणी मात्र त्या मानाने तापत नाही. पूर्ण झाकली तर धूर घरभर होतो. या दोहोंमधील नेमकी जागा ती बोटभर पत्रा सरकवून शोधी. पुढे आम्ही ज्या यंत्राने धुरातील प्राणवायूचे प्रमाण मोजून हवेची झडप फिरवीत असू, ते यंत्र हजारो रुपयांचे होते. काम तेच होते.

आणि स्वयंपाकघरातील चुलीचा वैल! मुख्य चुलीवर भाकरी किंवा भाताचे पातेले. त्याखालून निघालेला जाळ आणि धूर मागच्या छिद्राकडे जाता जाता वैलावरचे वरण रटरटवीत असे. वैलासाठी वेगळे सर्पण कोणी घालत नसे. जाणाऱ्या उबेला वाटेत गाठून तिच्याकडून आणखी एक काम करून घ्यायचे, हा त्यातला विचार. जहाजाच्या बॉयलरमध्ये गेल्या शतकात ज्या सुधारणा झाल्या, त्यांतील बहुतेक या ना त्या प्रकारचे वैलच आहेत.

परंतु चूल आणि जहाज यांच्यात एक मोठा फरक आहे, तो पाण्याचा. मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादला येणारी मीटर गेजची गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वाफेचे इंजिन स्टेशनात उभे राहून सोंडेने पाणी पिताना आठवेल. ते इंजिन काम झालेली वाफ भसाभस धुराड्यातून फेकून देत असे आणि पुढच्या स्टेशनात पुन्हा पाणी भरीत असे. जहाजाला पुढचे स्टेशन नसते. चहूकडे पाणी, पण खारे. आरंभीच्या आगबोटींत तेच खारे पाणी बॉयलरमध्ये घालीत. समुद्राच्या पाण्यात साधारण बत्तीस भागांत एक भाग क्षार असतो. पाण्याची वाफ होऊन निघून जाते, क्षार मागे राहतात. ते साचू नयेत म्हणून ठराविक वेळाने बॉयलरमधील दाट खारे पाणी समुद्रात सोडावे लागे. बॉयलरमधील खारटपणा समुद्राच्या दुपटीवर रोखायचा म्हटला, तरी घातलेल्या पाण्यापैकी निम्मे तापवून बाहेर फेकावे लागे. म्हणजे जाळलेल्या कोळशाचा जवळजवळ दहावा भाग नुसता समुद्र तापवण्यात जाई. शिवाय चुनखडीच्या जातीचे क्षार तापल्यावर अधिकच लवकर साका धरतात. त्यांचा थर नळ्यांवर बसला की उष्णता आत जाईना, लोखंड लाल होऊन फुगे. म्हणून वाफेचा दाब वाढवायचीही सोय नव्हती.

याची मुंबईतील साक्ष प्रसिद्ध आहे. मुंबईच्या गोदीत १८२९ साली बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिची रचना साडेपाच दिवस पुरेल एवढा कोळसा नेण्याची, आणि एडनचा पहिला पल्ला अकरा दिवसांचा. तेव्हा कोठारे भरून उरलेला कोळसा प्रवाशांच्या खोल्यांतही रचला गेला आणि ती पाण्यात भलतीच खोल बसून निघाली. एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. इतिहासकार या सफरीचे वर्णन धाडस म्हणून करतात, ते योग्यच आहे. आम्हांस मात्र ती कार्यक्षमतेच्या अभावाची गोष्ट वाटते. ज्या वाहनाला स्वतःचे सर्पण वाहण्यासाठीच आपली सारी जागा खर्चावी लागते, ते माल काय नेणार?

यावर उपाय निघाला तो बॉयलरच्या बाहेर. सॅम्युअल हॉल याने १८३४ साली पृष्ठ-संघनकाचे पेटंट घेतले. काम करून आलेली वाफ असंख्य पितळी नळ्यांभोवती सोडायची, नळ्यांतून समुद्राचे थंड पाणी खेळवायचे. वाफेचे पुन्हा शुद्ध पाणी होते, ते परत बॉयलरमध्ये. खारे आणि गोडे पाणी एकमेकांस शिवत नाही. ही युक्ती सर्वत्र रूढ व्हायला आणखी तीस वर्षे लागली. पण ती रूढ झाल्यावर तेच पाणी पुनःपुन्हा फिरू लागले, क्षाराचा जाच गेला आणि दाब वाढवण्याचा मार्ग मोकळा झाला. १८६६ साली आल्फ्रेड होल्टची 'ॲगमेम्नॉन' चौरस इंचाला साठ पौंड दाबाची वाफ वापरून दिवसाला वीस टन कोळशावर चीनच्या वाऱ्या करू लागली. १८८१ साली 'ॲबर्डीन' या जहाजावर तोच दाब सव्वाशे पौंडांवर गेला आणि वाफेकडून तीन सिलिंडरांत ओळीने काम करून घेतले गेले.

या काळाचा बॉयलर म्हणजे ज्याला दर्यावर्दी लोक स्कॉच बॉयलर म्हणतात तो. पंधरा फूट व्यासाचे लोखंडी पिंप, पोटात वळ्यावळ्यांच्या पत्र्याच्या तीनचार भट्ट्या, मागे जाळ उलटण्याची कोठी, आणि तेथून पुढे येणाऱ्या शेकडो बारीक नळ्या. बंबाची एक नळी फोडून तिच्या शेकडो नळ्या केल्या, एवढाच काय तो अर्थ. पण त्यामुळे ऊब आणि पाणी यांची गाठ पडण्याची जागा कितीतरी पटींनी वाढली. पुढे ग्लासगोच्या जेम्स हाउडन याने १८८० च्या दशकात भट्टीला लागणारी हवाच आधी धुराड्याच्या उबेवर तापवून घेण्याची रीत काढली. धुराड्यापाशी नळ्यांचा एक जुडगा. नळ्यांतून धूर, बाहेरून हवा. तापलेली हवा पंख्याने कोंडून भट्टीखाली सोडायची. थंड हवा भट्टीत शिरून जाळाला गारठवीत असे, ते थांबले. हा पहिला खरा वैल.

येथे यंत्राकडून माणसाकडे थोडे वळले पाहिजे. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर भट्टीपुढे उभा राहणारा 'आगवाला' आणि कोठारातून कोळसा ओढून आणणारा 'कोळसेवाला' हे आपल्याच देशाचे लोक होते. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात त्या तळघरात काय होत असेल, याची कल्पना मे महिन्यातील आदिलाबादकरालाही पुरती येणार नाही. कार्यक्षमता हा शब्द कंपनीच्या वहीत टनांचा असे. आगवाल्याच्या लेखी तो फावड्यांचा असे. १८५० च्या सुमारास एका अश्वशक्तीला तासाला चार-पाच पौंड कोळसा लागत असे, तो शतकअखेर दीड पौंडावर आला. म्हणजे जेथे तीन फावडी घालायची तेथे एक. पण मालकांनी फावडी कमी केली नाहीत. जहाजेच मोठी केली. नंतर कोळशाच्या जागी तेल आले, तेव्हा फावडी एकदम शून्यावर आली, आणि आगवालाही. ज्याने पूर्वी पंचवीस माणसांच्या टोळीत काम केले, त्याच्या जागी एक मनुष्य पांढऱ्या कपड्यात बर्नरची टोके साफ करू लागला. यात वाईट वाटण्यासारखे काही होते का, याविषयी आमचे मन आजही पूर्ण ठरलेले नाही. तो नरकवास संपला हे चांगलेच झाले. पण त्या नरकवासावर चालणारी घरेही होती.

आम्ही समुद्रावर गेलो तोपर्यंत स्कॉच बॉयलर मोडीत निघाला होता आणि त्याची उलटी आवृत्ती राज्य करीत होती. आता पाणी नळ्यांत आणि आग बाहेर. वर वाफेचे एक पिंप, खाली पाण्याचे एक, मध्ये नळ्यांचे रान. दाब सोसायचा तो आता पंधरा फुटांच्या पिंपाने नव्हे, दोन इंची नळीने. आणि लहान नळी मोठ्या पिंपापेक्षा कितीतरी जास्त दाब सहज सोसते. स्कॉच बॉयलर थंड स्थितीतून वाफेवर आणायला दिवस लागे. हा काही तासांत तयार होई, कारण त्याच्या पोटात पाणी थोडे. भट्टीच्या भिंती पूर्वी विटांच्या असत. त्या विटा तापून ढासळत आणि उष्णता बाहेर सोडत. आता भिंतीच नळ्यांच्या केल्या. जाळ ज्या दिशेला पाहील त्या दिशेला पाणी.

आमच्या पहिल्या तेलवाहू जहाजावर वाफेचा दाब चौरस सेंटीमीटरला साठ किलोग्रॅमच्या वर आणि तापमान पाचशे दहा अंशांच्या घरात होते. धुराच्या वाटेवर वैलांची रांगच होती. आधी जाळाच्या अगदी जवळ सुपरहीटर, म्हणजे वाफेला उकळबिंदूच्या कितीतरी वर कोरडी करून तापवणाऱ्या नळ्या. त्यापुढे बॉयलरच्या मूळ नळ्या. त्यापुढे इकॉनॉमायझर, ज्यात बॉयलरमध्ये शिरणारे पाणी आधीच तापते. जुन्या इंजिनिअरांचा एक ठोकताळा होता, आणि तो बराच खरा आहे: धुराचे तापमान वीस-बावीस अंशांनी उतरवले की एक टक्का इंधन वाचते. दुसरा ठोकताळा हवेचा. तेल पुरते जळण्यासाठी हिशेबापेक्षा थोडी जास्त हवा लागतेच. परंतु ती जितकी जास्त, तितकी ती फुकट तापून धुराड्यातून जाते. चांगल्या बर्नरवर हे आधिक्य चार-पाच टक्क्यांवर ठेवता येई. धुराड्यातून काळा धूर निघाला की कोणीही ओरडे. पण अगदी स्वच्छ धुराडे हेही उधळपट्टीचेच लक्षण, हे बाहेरच्याला पटत नसे. पुसट तपकिरी झाक दिसली की आमचे चीफ इंजिनिअर समाधानाने खाली उतरत.

मग धूर अगदी थंड होईपर्यंत वैल लावत का जाऊ नये? हा प्रश्न आम्ही शिकाऊ असताना विचारला होता, आणि त्याचे उत्तर आम्हांस ग्रंथापेक्षा एका पत्रव्यवहाराने अधिक चांगले समजले.

जहाजी तेलात गंधक असते. ते जळून धुरात मिसळते आणि धूर दीडशे अंशांच्या खाली उतरू लागला की त्यातून नळ्यांच्या थंड अंगावर गंधकाम्लाचे दव पडू लागते. म्हणून इकॉनॉमायझरमध्ये शिरणारे पाणी एकशे चाळीस अंशांच्या आसपास ठेवायचे, त्याखाली जाऊ द्यायचे नाही, असा दंडक असतो. नळीचा पत्रा आतल्या पाण्याइतपतच तापलेला असतो. धूर कितीही गरम असला तरी नळी थंड असेल तर दव पडणारच. पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसेच हे.

१९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती चौपट झाल्या. जगभर मोठी तेलवाहू जहाजे कमी वेगाने चालवण्याचे ठरले. वेग कमी केला की वाफ कमी लागते आणि पाणी तापवण्यासाठी टर्बाइनमधून काढून घेतलेल्या वाफेचाही जोर उतरतो. मग एकशे चाळीस अंश राखण्यासाठी बॉयलरची ताजी वाफ थोडी वापरावी लागते. आमच्या कंपनीच्या कचेरीतून पत्र आले की ही ताजी वाफ म्हणजे अपव्यय आहे, ती बंद करावी. जोडीच्या दुसऱ्या जहाजाचे आकडेही सोबत होते. आमचे चीफ मालवणकडचे, वयाने पन्नाशीचे, बोलायला मोजके. त्यांनी उत्तरात अम्लाच्या दवाविषयी दोन पाने लिहून पाठवली. उलट टपाली एका ओळीत तीच आज्ञा आली.

आम्ही विचारले, "साहेब, मग आता काय करायचं?"

"कचेरीने सांगितलंय ते करायचं. पण दर चार तासांनी पाण्याचं तापमान लॉगबुकात लिहीत जा. कमी लिहू नकोस, जास्त लिहू नकोस."

पाणी एकशे पंधरा अंशांवर आले. पहिले चार महिने तेलाचा खप खरोखरच थोडा उतरला आणि कचेरीतून अभिनंदनाची तार आली. पाचव्या महिन्यात इकॉनॉमायझरच्या खालच्या ओळीतील नळ्यांना सुईच्या अग्राएवढी भोके पडू लागली. दोन नळ्या बुजवल्या, मग पाच, मग बारा. शेवटी सगळा इकॉनॉमायझर बाजूला टाकून पाणी थेट बॉयलरमध्ये घालण्याची पाळी आली. धूर जो पूर्वी वैलावरून निवून जात असे, तो तसाच तापलेला धुराड्यात चालला, आणि आम्ही पहिल्यापेक्षाही अधिक तेल जाळीत, त्याच कमी वेगाने, घरी आलो. नवा इकॉनॉमायझर बसवण्याचा खर्च जहाजाच्या खाती पडला. चीफसाहेबांचा करार त्या फेरीनंतर पुढे वाढवला गेला नाही. ते मालवणला गेले आणि पुन्हा समुद्रावर आले नाहीत. त्यांच्या लॉगबुकातील ते एकशे पंधराचे आकडे आमच्याच हस्ताक्षरात आहेत.

सुपरहीटरच्या टोकालाही अशीच एक मर्यादा आहे. तेलाच्या राखेत व्हॅनेडियम आणि सोडियम असतात. सहाशे अंशांच्या आसपास ती राख वितळून नळ्यांना चिकटते व पोलाद खाते. म्हणून जहाजावरची वाफ पाचशे पंधरा अंशांपुढे नेण्याचे धाडस सहसा कोणी केले नाही. अशा रीतीने वरच्या टोकाला राख आणि खालच्या टोकाला अम्ल, या दोन कुंपणांमध्ये बॉयलरची रचना करणाऱ्याने आपले कसब दाखवायचे. आणि त्यांनी ते दाखवले. १९७० च्या दशकातील चांगल्या जहाजी बॉयलरची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती. तेलातील शंभर भाग उबेपैकी जवळजवळ नव्वद भाग वाफेत उतरत. मानवाच्या हाती असलेल्या यंत्रांत इतके चोख यंत्र विरळा.

तरीही तो हरला. हे नीट सांगितले पाहिजे, कारण बॉयलरवर जुनाट, उधळ्या असा शिक्का बसलेला आहे आणि तो आम्हांस अन्यायाचा वाटतो.

एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर किलोकॅलरी लागतात. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी पाचशे एकोणचाळीस. टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेली वाफ ही गुप्त उष्णता बरोबर घेऊनच संघनकात येते आणि तेथे समुद्राच्या हवाली करते. ज्या संघनकाने आगबोटीला खाऱ्या पाण्यापासून सोडवले, तोच तिच्या मिळकतीचा मोठा वाटा समुद्रात ओततो. हा कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. उष्णतेपासून काम काढण्याचा निसर्गाचा कायदाच तसा आहे. टर्बाइनच्या मधल्या पायऱ्यांवरून थोडी वाफ काढून तिनेच बॉयलरचे पाणी तापवायचे, म्हणजे तेवढी तरी समुद्रात जात नाही, ही युक्ती वापरून काही टक्के वाचवले जातात. पण इराणच्या आखातात ऑगस्टमध्ये समुद्रच बत्तीस-तेहतीस अंशांवर असतो. तेथे संघनकातील निर्वात उतरे आणि आम्ही हताशपणे तो काटा पाहत असू. तेलापासून सुकाणूपुढच्या पंख्यापर्यंत हिशेब केला तर शंभरांतील तीसच भाग हाती लागत.

हे दृश्य आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच पाहता येते. मंचेरियलजवळ जयपूर येथे सिंगरेणीचे बाराशे मेगावॉटचे वीज केंद्र २०१६ पासून चालते. तेथील शीतलन मनोऱ्यांतून उठणारा पांढरा ढग पाहून लोक त्याला धूर समजतात. तो धूर नव्हे. ती संघनकातून निघालेली उष्णता. जमिनीवरच्या बॉयलरला जागेची आणि वजनाची चणचण नसल्याने त्याला वैलांची लांबलचक माळ लावता येते, आणि आपल्या खाणींतील राखाळ कोळसाही तो पचवतो. पण ही देणी त्यालाही चुकत नाहीत.

डिझेल इंजिनाला पाणी उकळावेच लागत नाही. त्यातील जाळ सरळ दट्ट्याला ढकलतो. आमच्या टर्बाइनच्या जहाजाला एका अश्वशक्तीला तासाला दोनशे दहा ग्रॅम तेल लागे. त्याच वेळी मोठे डिझेल इंजिन दीडशे ग्रॅमच्या आसपास भागवीत होते, आणि पुढील दहा वर्षांत ते सव्वाशेच्या घरात आले. तेल स्वस्त होते तोवर हा फरक मालकांनी खपवून घेतला. १९७३ नंतर आणि पुन्हा १९७९ नंतर ते शक्य नव्हते. वाफेची धडधाकट जहाजे भंगारात निघाली. आम्हांस चाळिशीत पुन्हा वर्गात बसून डिझेलचे प्रमाणपत्र घ्यावे लागले. ज्यांना ते जमले नाही, ते साखर कारखान्यांच्या आणि कागद गिरण्यांच्या बॉयलरघरांत गेले.

युद्धनौकांवर वाफ आणखी टिकली, कारण तेथे हिशेब निराळा. माझगाव गोदीत बांधलेली 'नीलगिरी' १९७२ साली नौदलात आली. तिच्या मालिकेसाठी दोन बॉयलर आणि तीस हजार अश्वशक्तीची टर्बाइने हे संच ठरले होते. नंतर त्याहून बरीच मोठी नौका काढायचे ठरले, तेव्हा आपल्या रचनाकारांनी तोच तीस हजार अश्वशक्तीचा संच कायम ठेवला आणि नौकेच्या सांगाड्याचा आकार असा घडवला की वेगात विशेष उणेपणा आला नाही. बॉयलरमधून आणखी निघण्यासारखे थोडेच उरले होते. जे मिळवायचे ते पाणी कापण्याच्या रीतीतून मिळवले. त्या नौकेचे नाव 'गोदावरी'. १० डिसेंबर १९८३ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्या दिवशी घरी आलेले वर्तमानपत्र आमच्या वडिलांनी बरेच दिवस जपून ठेवले होते. बासरची नदी मुंबईच्या बंदरात उभी राहिली याचे त्यांना अप्रूप. ती नौका २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली, आणि तिची धाकटी बहीण 'गोमती' २८ मे २०२२ रोजी. 'बियास' या वाफेवर चालणाऱ्या नौकेतील बॉयलर काढून तेथे डिझेल इंजिने बसवण्याचा करार ऑक्टोबर २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी झाला.

व्यापारी जहाजांत वाफेला शेवटचा आसरा मिळाला तो द्रवरूप वायूच्या वाहतुकीत. उणे एकशे बासष्ट अंशांवर नेला जाणारा हा वायू वाटेत रोज थोडाथोडा उकळून निघतो. तो सोडून देण्यापेक्षा बॉयलरमध्ये जाळणे सोयीचे. कतारहून दहेजला वायू आणणारी 'दिशा' आणि 'राही' ही २००४ सालची जहाजे याच कारणाने वाफेची झाली. त्यांच्या मागून २००९ साली आलेल्या 'असीम'वर मात्र तोच वायू पिणारी इंजिने होती.

बॉयलर जहाजावरून गेला, असे मात्र कोणी समजू नये. आज कोणत्याही मोठ्या डिझेल जहाजाच्या धुराड्यात डोकावले तर नळ्यांचा एक जुडगा बसवलेला दिसेल. इंजिनातून निघालेला अडीचशे अंशांचा धूर त्यावरून जातो आणि त्यातून मिळालेल्या वाफेवर तेलाच्या टाक्या तापतात, खलाशांना ऊन पाणी मिळते, क्वचित एखादे लहान टर्बाइन वीजही करते. ज्याच्या भोवती इतके वैल रचले, तो बॉयलर आता स्वतःच दुसऱ्याच्या चुलीचा वैल झाला आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजी तेलातील गंधक अर्ध्या टक्क्यावर आणण्याचा जागतिक नियम लागू झाल्याने अम्लाचे दव पूर्वीपेक्षा खालच्या तापमानाला पडते, आणि धुराकडून आणखी थोडी ऊब मागण्यास जागा झाली आहे. मालवणच्या चीफसाहेबांना ही बातमी आवडली असती.

आमच्या नात्यातील एक तरुण सध्या अशाच जहाजावर चौथा इंजिनिअर आहे. मध्यंतरी त्याने फोनवर विचारले, "आजोबा, इंजिन बंद केल्यावरही या बॉयलरचा पाण्याचा पंप तासन्‌तास चालू ठेवायला सांगतात, ती वीज वाया नाही का जात?" आम्ही त्यास सांगितले की नळ्यांवर काजळी बसलेली असते, ओली आणि तेलकट. इंजिन कमी वेगावर असताना ती अधिकच जमते. पंप बंद केलास, पाणी फिरेनासे झाले, की ती धुमसू लागते. आणि एकदा का तिने पेट घेतला की नळ्यांचे पोलादच जळते. तेव्हा पंप चालू दे, काजळी धुण्याचा दिवस चुकवू नकोस, आणि तापमान लॉगबुकात लिही.